भाजल्याच्या वणाला मालिश: किती जोरात, किती वेळ आणि कुठे थांबायचं

ताई, तुमचा प्रश्न वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात पुन्हा सांगते. तुमच्या भावाच्या उजव्या हातावर जानेवारीत गुऱ्हाळावर काहील (पाक उकळायची मोठी कढई) गूळ निववायच्या वाफ्यात ओतताना उकळती काकवी सांडली. हाताच्या पाठीवर मांडीची कातडी लावावी लागली. मनगटावरची जखम आपली आपण भरली, पण तिला सव्वा महिना लागला. आता चार महिने होऊन गेलेत. वण लाल आहे, जाड आहे, दोरीसारखा हाताला लागतो, रात्री खाजतो आणि मूठ पूर्ण वळत नाही. दवाखान्यातून सोडताना "मालिश करत राहा" एवढंच सांगितलं. तालमीतले वस्ताद म्हणतात, तेल लावून रोज कचकचून चोळ, आतली गाठ फुटली पाहिजे. आत्या म्हणतात, नव्या कातडीला हातच लावू नका. तुम्ही विचारलंय की खरं कोणाचं, आणि जोर किती लावायचा.

मी कोल्हापुरात वीस वर्षं फिजिओथेरपी करते आणि त्यातला बराच काळ भाजलेले आणि कापलेले हात बघण्यात गेलाय. गुऱ्हाळं, फाउंड्र्या, उसाचे कोयते, इचलकरंजीचे माग, यामुळे आपल्या भागात हातांना काही कमी सोसावं लागत नाही. त्या अनुभवावरून सांगते. वस्ताद आणि आत्या दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, पण मला त्या दोघांपेक्षा तुमच्या पत्रातल्या एका वाक्याची जास्त काळजी वाटते. मूठ वळत नाही, हे ते वाक्य. वण दिसतो कसा, हा प्रश्न वर्षभर थांबू शकतो. मूठ थांबू शकत नाही. मालिशीचा विचारही त्या मुठीपासूनच सुरू करायला हवा.

मी हात बघितलेला नाही, त्यामुळे काही गोष्टी अवलंबून आहेत असंच म्हणावं लागेल. लावलेली कातडी सगळीकडून घट्ट बसली आहे का, कुठे अजून ओल, खपली किंवा फोड आहे का, भावाच्या अंगावर आधीचे वण कसे भरलेत, बोटांचे सांधे स्वतः आखडलेत की फक्त वरची कातडी कमी पडतेय, यावर उत्तर बदलतं. शेवटची गोष्ट तुम्ही घरीही ताडून बघू शकता. "थांब" म्हणताना आपण पंजा मागे उचलतो, तसा त्याला उचलायला सांगा आणि मग मूठ वळायला सांगा. नंतर पंजा मनगटातून खाली सोडून तीच मूठ वळायला सांगा. पंजा मागे असताना बोटं जास्त मिटत असतील आणि खाली सोडल्यावर अडकत असतील, तर पाठीवरची कातडी किंवा तिच्याखाली चिकटलेल्या शिरा (स्नायूला हाडाशी जोडणारे स्नायूबंध) आखूड पडतायत. मूठ वळताना वण पांढरा पडत असेल तर कातडीच ओढली जातेय, हे आणखी पक्कं. दोन्ही वेळा बोट तितकंच अडत असेल, तर सांधाच धरलाय. मग नुसत्या वणाच्या मालिशीने काम होणार नाही, सांध्यावर वेगळं काम करावं लागेल.

आता वण म्हणजे काय ते सांगते, कारण "गाठ फोडा" हा सल्ला कुठे चुकतो ते त्यातूनच कळेल. जखम झाली की पहिले काही दिवस सूज, मग साधारण तीन आठवडे शरीर घाईघाईने कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे विणून भोक बुजवतं, आणि त्यानंतर वर्ष-दोन वर्षं ते विणकाम उसवून पुन्हा नीट लावत बसतं. धाग्यांची जातसुद्धा बदलते, कच्चे धागे जाऊन पक्के येतात. जी जखम तीन आठवड्यांत भरत नाही तिचा वण जाड होण्याची शक्यता बरीच वाढते. तुमच्या भावाच्या मनगटावर नेमकं तेच झालंय. काकवी पाण्यासारखी ओघळून जात नाही, चिकटून बसते, आणि गुळाचा पाक शेवटाला ११५ अंशांच्या वर गेलेला असतो. त्यामुळे गुऱ्हाळावरचं भाजणं उकळत्या पाण्याच्या भाजण्यापेक्षा खोल जातं.

या विणकामात एक विशेष प्रकारच्या पेशी असतात. १९७१ साली ज्युलिओ गाब्बियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या ओळखल्या, त्यांना मायोफायब्रोब्लास्ट म्हणतात. धागे विणायचे आणि स्नायूसारखं आवळायचं, अशी दोन्ही कामं त्या करतात. जखमेच्या कडा जवळ येतात त्या यांच्यामुळे, आणि नंतर हात आखडतो तोही यांच्यामुळेच. या पेशींना ताण कळतो. वणाशी सतत धसमुसळेपणा केला, तो सुजवला, तर त्यांना अजून जखमच चालू आहे असं वाटतं आणि त्या आणखी विणत, आवळत राहतात. म्हणून जोरात चोळून वण "फुटत" नाही. पक्का झालेला कोलॅजनचा धागा बोटाच्या जोराने तुटेल इतका कमकुवत नसतो. तुटतात त्या वरच्या नाजूक कातडीच्या जागा, आणि तिथे नवी जखम होते.

हे मी पुस्तकातून शिकले होते, तरी एकदा हातून चूक झाली. सुरुवातीच्या वर्षांत फाउंड्रीतला एक कामगार यायचा, तापलेला धातू उडून दंडापासून कोपरापर्यंत भाजलेला. त्यालाही घाई होती, मलाही. वण टणक आहे म्हणून मी अंगठ्याने आडवं, खोल घर्षण दिलं. ब्रिटिश डॉक्टर जेम्स सिरिॲक्स यांनी स्नायूबंधांसाठी आणि लिगामेंटसाठी रुजवलेली ती पद्धत मी तीन महिन्यांच्या कोवळ्या वणावर वापरली. चौथ्या दिवशी फोड आले, वण लालभडक झाला, आणि तीन आठवडे आम्हाला त्याला हात लावता आला नाही. तेवढ्यात कोपर आणखी आखडलं. त्यानंतर मी कोवळ्या वणावर जोर कधी लावला नाही.

वस्तादांचा सल्ला चुकीच्या ठिकाणी बरोबर आहे, असं मला वाटतं. तालमीत मालिश करतात ती धडधाकट कातडीखालच्या दमलेल्या स्नायूंना. तिथे जोर चालतो, पैलवानाला तो आवडतोही. वणाची कातडी वेगळी. तिथे तेलग्रंथी जळून गेलेल्या असतात, म्हणून ती कोरडी पडते, आणि वरचा थर खालच्या थराला अजून नीट धरून नसतो. घासलं की सुटतो.

मग मालिशीचा उपयोग काय? आहे. कातडी मऊ राहते, खाज कमी होते, चिकटलेला थर खालच्या थरावरून सरकायला लागतो, आणि ज्याने चार महिने स्वतःच्या हाताकडे बघितलेलंही नसतं तो माणूस त्याला हात लावायला शिकतो. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर मालिशीवरचा शास्त्रीय पुरावा फार भक्कम नाही. वेगवेगळ्या अभ्यासांत दाब वेगळा, वेळ वेगळी, मोजण्याची रीत वेगळी. मी ती करते आणि शिकवते, कारण पुढचा ताण देण्यासाठी कातडी तिने तयार होते. एकट्या मालिशीने मूठ वळलेली मी पाहिलेली नाही.

आपल्याकडे चप्पल करणारे कारागीर कातडं ओलं करून घेतात आणि मग त्याला आकार देतात, हे तुम्ही पाहिलं असेल. कोरड्या कातड्याला हिसका दिला तर ते चिरतं. ओलं करून सावकाश ओढलं की ते येतं, आणि तसंच धरून वाळवलं की तिथेच राहतं. कातडं म्हणजे कोलॅजनच, वणही कोलॅजनच. फरक एवढाच की वण जिवंत आहे आणि सोडला की पुन्हा आवळतो. म्हणून मालिश म्हणजे कातडं भिजवणं, सावकाश ताण म्हणजे ओढणं, आणि रात्रीचं स्प्लिंट (हात ठरावीक अवस्थेत धरून ठेवणारा कडक आधार) म्हणजे तसंच धरून ठेवणं. यातलं एक वगळलं की बाकीच्या दोघांची मेहनत सकाळपर्यंत अर्धी वाया जाते.

आता प्रत्यक्ष कसं करायचं. आंघोळीनंतर कातडी मऊ असते, तेव्हा एकदा, आणि दिवसात आणखी एक-दोनदा, प्रत्येक वेळी पाच ते दहा मिनिटं. साधं खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन पुरे. कापूर, निलगिरी, बाम, सुगंधी तेल असलं काही नको, ही कातडी लगेच चिडते. तेल अगदी थोडं लावा. बोटं नुसती वरून घसरत राहिली तर काही साधत नाही. आधी मिनिटभर तळव्याने हलकं पसरवा, त्याला हात लावून घ्यायची सवय होऊ द्या. मग बोटाचं पेर वणावर ठेवा आणि तिथल्या तिथे छोटे गोल फिरवा. बोट कातडीवरून सरकता कामा नये, कातडी बोटाबरोबर खालच्या थरावरून सरकली पाहिजे. हा फरक हाताला कळायला दोन-तीन दिवस लागतात.

जोर किती, हा तुमचा मूळ प्रश्न. माझं माप असं: तुमच्या दाबणाऱ्या बोटाच्या नखाखालचा रंग फिका पडावा आणि लाल वण बोटाखाली पांढरट व्हावा, एवढा दाब. बोट उचललं की रंग पटकन परत यायला हवा. भावाने दात आवळले, श्वास रोखला, की जोर जास्त झाला. मालिशीनंतर आलेली लाली अर्ध्या तासात उतरायला पाहिजे. दुसऱ्या दिवशी वण आदल्या दिवसापेक्षा सुजलेला, गरम किंवा जास्त लाल दिसला, तर दोन दिवस थांबा आणि पुन्हा निम्म्या जोराने सुरू करा.

गोल फिरवून झाले की वण कुठल्या दिशेला अडतो ते शोधा. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे कातडी सरकवून बघा. एखाद्या दिशेला ती लगेच थांबेल. त्या दिशेला सरकवा आणि अर्धा ते एक मिनिट तसंच धरा. हलवू नका. थोड्या वेळाने बोटाखाली किंचित ढिलाई जाणवते. चिमटीत धरून कातडी उचलणं, लाटणं, हे अजून दोन-तीन महिने नको, आणि लावलेल्या कातडीवर तर नकोच. तिथे सध्या फक्त सरळ खाली दाब द्या आणि सोडा. सरकवण्याआधी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. आत्यांची भीती या एवढ्या भागापुरती खरी आहे.

मनगटाबद्दल एक वेगळी गोष्ट. १८६१ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल लांगर या शरीररचनाशास्त्रज्ञाने मृतदेहांच्या कातडीला आरीसारख्या गोल हत्याराने भोकं पाडून पाहिली. गोल भोकं लांबट झाली आणि शरीराच्या प्रत्येक भागात त्यांची दिशा ठरलेली निघाली. कातडीला स्वतःचा ताण आहे, हे त्यातून कळलं. ताणाच्या रेषेला धरून असलेला वण सहसा बारीक भरतो, आडवा जाणारा जाड होतो. आणि जो सांध्यावरून उभा जातो तो सांधा हलला की दर वेळी ओढला जातो. तुमच्या भावाचा दोरीसारखा वण मनगटाच्या घडीवरून उभाच जातो ना? म्हणून तो तिथेच जास्त जाड आहे. तिथला ताण सांभाळून द्यायचा, झटके नाहीत.

मालिश संपली की लगेच, कातडी मऊ असतानाच, मूठ. आधी एकेक सांधा: बोटाच्या मुळाशी वाकवून धरा, मग मधला, मग टोकाचा. नंतर सगळे एकत्र, आणि शेवटी मुठीसकट मनगट सावकाश खाली. यात हाताच्या पाठीची सगळी कातडी एकदम ताणली जाते, आणि आपल्याला तेच हवंय. वण पांढरा पडेपर्यंत न्यायचं, तिथे धरून वीसपर्यंत मोजायचं, किंचित सोडून पुन्हा. पाच वेळा. "आणखी थोडं" म्हणत वरून दाबायचं नाही, विशेषतः घरातल्या दुसऱ्याने तर नाहीच. प्रेमापोटी केलेली जबरदस्ती मी फार पाहिली आहे. फायदा होतोय असं वाटलं तर तुमच्या फिजिओथेरपिस्टकडून क्रेपबँडेजने मूठ बांधून दहा-पंधरा मिनिटं ठेवायची रीत शिकून घ्या. बोटांची टोकं निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर तत्काळ सोडायचं.

आणि शेकू नका. लावलेल्या कातडीला ऊन-थंड नीट कळत नाही. गरम पाण्याच्या पिशवीने पुन्हा भाजलेले दोघे जण माझ्याकडे येऊन गेलेत.

स्प्लिंटबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही, म्हणजे बहुधा दिलेलं नाही. हे नक्की विचारा. ज्या अवस्थेत हाताला बरं वाटतं, त्याच अवस्थेत तो आखडतो. पाठीवर भाजलेल्या हाताला बोटं मुळाशी सरळ आणि पुढे वाकडी ठेवून, मनगट खाली सोडून बरं वाटतं. पुढे त्याचाच पंजा नखं बाहेर काढलेल्या मांजराच्या पंजासारखा होतो. स्प्लिंटमध्ये साधारण याच्या उलट ठेवतात: मनगट किंचित वर, बोटं मुळाशी वाकलेली, पुढे सरळ. पण चार महिने झालेत आणि मूठ अपुरी आहे, म्हणून रात्री कुठलं आणि दिवसा कुठलं हे हात बघूनच ठरवावं लागेल. खासगीत परवडत नसेल तर कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) मोठ्या सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपी विभागात विचारा.

जाड वणासाठी आणखी दोन गोष्टींना मी मालिशीपेक्षा जास्त महत्त्व देते. एक, मापाने शिवलेला प्रेशर ग्लोव्ह, म्हणजे वणावर सतत दाब ठेवणारा घट्ट हातमोजा. तो आंघोळ आणि मालिश सोडून दिवसरात्र घालायचा, वण पिकेपर्यंत (मऊ, चपटा आणि फिका होऊन स्थिरावेपर्यंत), म्हणजे बहुतेक वेळा वर्षभर किंवा जास्त. तो सैल झाला की बदलायचा, सैल ग्लोव्ह फक्त झाकतो. दोन, सिलिकॉन जेल शीट, जिथे कातडी पूर्ण बंद आहे तिथे रोज बारा तासांपेक्षा जास्त, निदान दोन-तीन महिने. घामाने पुरळ आलं तर वेळ कमी करून हळूहळू वाढवायची. रानात जाताना पूर्ण बाहीचा सुती सदरा आणि उघड्या भागाला ३० एसपीएफचं सनस्क्रीन. कोवळा वण उन्हाने कायमचा काळवंडतो.

खाजेने झोप उडत असेल तर ते सोसू नका, डॉक्टर त्यावर गोळी देतात. नखाने खाजवण्याऐवजी तळव्याने दाबून धरायला सांगा. वणाला नुसता सदराही लागला तरी झिणझिण्या येत असतील तर घरातच सवय लावता येते: आधी कापूस, मग धुतलेलं जुनं सुती कापड, मग टॉवेल, मग परातीत तांदूळ घेऊन त्यात हात फिरवणं. प्रत्येक पायरीला चार-आठ दिवस द्या.

एक गोष्ट तपासून घ्या. वण मूळ भाजलेल्या जागेतच उंच झालाय की तिच्या बाहेर पसरतोय? जागेतच असेल तर तो जाड वण, त्याचा जोर वर्षभरात बऱ्याचदा ओसरतो. बाहेर पसरत असेल तर तो केलॉइड असू शकतो. फ्रेंच डॉक्टर आलिबेअर यांनी खेकड्याच्या नांगीवरून हे नाव दिलं, कारण तो तसाच कडेने पंजे पसरतो. केलॉइड मालिशीने जात नाही आणि चोळून चिडवला तर वाढू शकतो. त्याला त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. कान टोचल्यावर तुमच्या घरात कोणाच्या पाळीला गाठ आली असेल तर हे आधीच डॉक्टरांच्या कानावर घाला.

किती दिवसांनी बरं होईल, हेही तुम्ही विचारलंय. वण पूर्ण जाणार नाही. तो मऊ, चपटा आणि फिका होईल, त्याला एक ते दोन वर्षं लागतील, आणि वणाची ताकद मूळ कातडीच्या साधारण ऐंशी टक्क्यांपुढे जात नाही. मुठीचा अंदाज मात्र लवकर येतो. नीट केलं तर सहा ते आठ आठवड्यांत फरक मोजता आला पाहिजे. नाही आला, तर प्लास्टिक सर्जनना दाखवा. साधारणपणे ते वण पिकेपर्यंत ऑपरेशन लांबवतात, पण हाताचं काम अडत असेल तर आधीही आखूड कातडी सोडवून जागा करून देतात. तसं ऑपरेशन करावं लागलं तर मालिश फुकट गेली असं समजू नका, मऊ केलेल्या कातडीवर काम सोपं होतं. पू, ताप, पसरती लाली किंवा पुन्हा उघडलेली जागा दिसली तर मालिश त्याच दिवशी बंद आणि डॉक्टर. कितीही वर्षांनी या वणावर भरून न येणारी जखम झाली, तरीही दाखवायचंच. जुन्या भाजल्याच्या वणात क्वचित कर्करोग होतो.

तेव्हा आजपासून जोर कमी करा, मालिश आणि मूठ एका मागोमाग ठेवा आणि या आठवड्यात स्प्लिंट व ग्लोव्हसाठी हात दाखवून या. आणि एक वही करा. दर रविवारी आंघोळीआधी भावाला स्वतःच्या जोराने मूठ वळायला सांगा. प्रत्येक बोटाचं टोक तळहातावरच्या आडव्या रेषेपासून किती सेंटीमीटर लांब राहिलं ते पट्टीने मोजून चारही आकडे तारखेसह लिहा, आणि त्याच जागी, त्याच उजेडात हाताचा एक फोटो काढा. तीन रविवार झाले की ते बारा आकडे इथे टाका, म्हणजे ताण वाढवायचा की सांध्याकडे वळायचं ते मी सांगेन.